स्वीकृतीची सही

शितावरून भाताची परीक्षा करता येते, याचे कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आधणात शिजलेला असतो. पातेली निरनिराळी, चुली निरनिराळ्या, रांधणारे हातही निरनिराळे, आणि हे सारे अखेर एकाच पानात वाढावयाचे असेल, तर ही म्हण पुरत नाही. वरण करणारी समजते की मीठ भातात आहे, भात करणारी समजते की ते वरणात आहे. दोन्ही पातेली आपापल्या जागी निर्दोष असतात. चूक असते ती दोहोंच्या मधल्या जागेत, आणि ती पहिला घास घेणाऱ्यालाच कळते.

संगणकाच्या आज्ञावल्या रचण्याच्या व्यवसायात या मधल्या जागेच्या परीक्षेला 'इंटिग्रेशन टेस्टिंग' म्हणतात. आपण तिला जोडणी-चाचणी म्हणू. तिच्या पुढची पायरी म्हणजे 'ॲक्सेप्टन्स टेस्टिंग', अर्थात स्वीकृती-चाचणी. पहिलीचे नाते रंगीत तालमीशी आहे. प्रत्येक नटाची नक्कल चोख पाठ असली तरी प्रवेश उभा राहीलच असे नाही, हे जाणणाऱ्या नाटकमंडळींना जोडणी-चाचणी समजावून सांगावी लागणार नाही. दुसरीचे नाते पारखीशी आहे. पेशवाईत अनेक टाकसाळींची, कमीअधिक कसाची नाणी चलनात असत, आणि ती पारखून घेणे हे पोतदाराचे काम असे. स्वीकृती-चाचणी ही अशीच घेणाऱ्याने करावयाची पारख होय. प्रणाली बनविणारा म्हणतो, करारात लिहिल्याप्रमाणे काम झाले आहे. घेणारा ते तपासतो आणि सही करतो. त्या सहीबरोबर पैसे एका हातातून दुसऱ्या हातात जातात आणि जबाबदारी उलट दिशेने.

साहित्याच्या अभ्यासकाने या रुक्ष विषयाकडे का वळावे, असे कोणी विचारील. स्वीकृती-चाचणी वरकरणी यंत्राची परीक्षा दिसली तरी पुष्कळ अंशी ती संहितेची परीक्षा असते. करारातील वाक्य, प्रत्यक्षात घडलेली गोष्ट आणि त्या गोष्टीला दिलेले नाव या तिहींमध्ये किती अंतर आहे, हे पाहणे म्हणजे वाचनाचेच काम नव्हे काय? एका विशेषणाविषयी झालेला वाद पुढे वीस वर्षे शेकडो माणसांच्या आयुष्यांवर कसा पसरत गेला, याचा एक इतिहास आता न्यायनिवाड्यांतून आणि चौकशीच्या कागदपत्रांतून उपलब्ध झाला आहे. हा इतिहास आहे ब्रिटनमधील पोस्ट ऑफिसच्या 'होरायझन' या प्रणालीचा. त्याकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल.

१९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या विज्ञान समितीच्या आश्रयाने एक परिषद भरली. मोठ्या प्रणाली वेळेवर पुऱ्या होत नाहीत, खर्चाचा अंदाज ओलांडतात आणि पुऱ्या झाल्यावरही भरवशाच्या नसतात, या तक्रारीला तेथे प्रथमच जाहीर चर्चेचे रूप आले. पुढच्या वर्षी रोम येथे भरलेल्या परिषदेत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी एक विचार मांडला. चाचणीने दोष आहेत एवढेच दाखविता येते. दोष नाहीत, हे तिने कधीच सिद्ध होत नाही, असा त्याचा आशय होता. १९७९ साली ग्लेनफर्ड मायर्स यांचे चाचणीशास्त्रावरील पुस्तक आले. त्यात चाचणी घेणाऱ्याच्या हेतूवर भर होता. दोष सापडावा अशा इच्छेने केलेली ती चाचणी. आज्ञावली चालते हे दाखविण्यासाठी केलेले ते केवळ प्रात्यक्षिक. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. कारण स्वीकृतीच्या टप्प्यावर नेमका हेतूच गढूळ होतो. ज्याने वर्षानुवर्षे वाट पाहिली, ज्याचे पैसे अडकले, ज्याच्या मंत्र्याने संसदेत घोषणा केली, त्याला दोष सापडावा असे मनापासून कितपत वाटत असेल?

जोडणीच्या चुकीचे अभिजात उदाहरण म्हणून 'एरियान ५' या युरोपीय अग्निबाणाकडे बोट दाखविले जाते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून त्याचे पहिले उड्डाण झाले आणि सुमारे ३७ सेकंदांनी तो मार्ग सोडून कलंडला, तुटला आणि नष्ट झाला. दिशादर्शक उपकरणाची आज्ञावली आधीच्या 'एरियान ४' मधून जशीच्या तशी उचललेली होती. तेथे ती वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली. तिच्यात एक मोठी, ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकाच्या खणात बसविली जात असे. त्या खणाची मर्यादा ३२,७६७. जुन्या अग्निबाणाचा आडवा वेग सुरुवातीच्या सेकंदांत इतका वाढतच नसे की संख्या खणाबाहेर सांडावी. नव्याचा वाढला. विलक्षण गोष्ट अशी की ज्या गणितात ही चूक झाली त्या गणिताचा उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता. जुन्या अग्निबाणाच्या सोयीसाठी ते काही सेकंद चालू ठेवलेले होते, आणि नव्यातही तसेच राहिले. मुख्य उपकरण बंद पडले. आधाराला ठेवलेल्या दुसऱ्यातही तीच आज्ञावली असल्यामुळे ते क्षणभर आधीच बंद पडलेले होते. बंद पडताना उपकरणाने स्वतःच्या बिघाडाची माहिती पाठविली, आणि मुख्य संगणकाने ती उड्डाणाची माहिती समजून त्याबरहुकूम अग्निबाण वळविला.

फ्रेंच गणिती जाक-लुई लिओं यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने महिन्या-दीड महिन्यात अहवाल दिला. त्यातील मर्म असे की संपूर्ण प्रणालीच्या तालमीत हे उपकरण प्रत्यक्ष जोडलेलेच नव्हते. त्याच्या जागी त्याची नक्कल करणारी आज्ञावली बसविली होती. उपकरण स्वतंत्रपणे तपासलेले आहे, मग पुन्हा कशाला, असा त्यामागचा विचार. म्हणजे रंगीत तालमीला मुख्य नट आलाच नाही, त्याचे संवाद कोणी तरी वाचून दाखविले आणि सर्वांनी समाधान मानले. 'क्लस्टर' मालिकेतील चार वैज्ञानिक उपग्रह त्या दिवशी नष्ट झाले. २००० साली त्यांच्या जागी नवे चार पाठविण्यात आले, एवढी भरपाई तरी शक्य होती.

मात्र या घटनेत एक दिलासा आहे, आणि तो नोंदविला पाहिजे. अग्निबाणाचे म्हणणे ३७ सेकंदांत सर्वांनी ऐकले. त्याच्यावर कोणी अविश्वास दाखविला नाही, आकाशातील अग्निलोळ हा आपला गैरसमज आहे असे कोणी म्हटले नाही. दोष ज्या प्रणालीत पोस्टाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या हिशेबात उमटतो, तेथे असे होत नाही.

ब्रिटनमधील बहुसंख्य लहान पोस्टे सरकारी नोकर चालवीत नाहीत. किराणा, वर्तमानपत्रे, भेटकार्डे विकणाऱ्या दुकानाच्या एका कोपऱ्यात पोस्टाचा काउंटर असतो आणि दुकानदार हाच करारावर नेमलेला सबपोस्टमास्तर. गावातील वृद्धांचे निवृत्तिवेतन, तिकिटे, बिले, बचत हे सारे त्याच्या हातून जाते. भारतीय उपखंडातून आणि पूर्व आफ्रिकेतून तेथे गेलेल्या अनेक कुटुंबांनीही हा व्यवसाय पत्करला. आयुष्याची पुंजी घालून दुकान घ्यायचे आणि पोस्टाच्या उत्पन्नावर भिस्त ठेवायची. करारातील एक कलम असे की निष्काळजीपणाने किंवा चुकीने आलेल्या तुटीची भरपाई सबपोस्टमास्तराने करावी. कागदी हिशेबाच्या काळात हे कलम कठोर असले तरी अन्याय्य नव्हते. चोपडी त्याच्याच हातची, बेरीज त्याचीच. चूक कोठे झाली ते तो पाने उलटून शोधू शकत असे.

१९९६ साली सामाजिक सुरक्षा खात्याची भत्ते वाटणारी संस्था आणि पोस्ट ऑफिस अशा दोन ग्राहकांनी मिळून आयसीएल या कंपनीच्या 'पाथवे' शाखेला काम दिले. आयसीएल ही मूळची ब्रिटिश कंपनी, पण तोवर जपानच्या फुजित्सूच्या ताब्यात गेलेली. भत्ते कार्डावर द्यावयाचे आणि त्यासाठी हजारो काउंटर संगणकाने जोडायचे, अशी मूळ कल्पना होती. काम रेंगाळले. मे १९९९ मध्ये सरकारने भत्त्यांचे कार्ड रद्द केले. एक ग्राहक निघून गेला आणि ज्या हेतूसाठी इमारत उभारली त्याचा अर्धा भागच नाहीसा झाला. उरलेल्या अर्ध्यासाठी, म्हणजे काउंटरवरील व्यवहार आणि हिशेब यांसाठी, प्रणाली पुढे न्यावयाची असे ठरले. इतका खर्च झाल्यावर ती मोडीत काढण्याचे धैर्य कोणाजवळ असणार?

या अवस्थेतील प्रणालीच्या लेखनशैलीविषयी एक अंतर्गत अहवाल १९९८ साली खुद्द कंपनीतच तयार झाला होता. काउंटरवरील विक्री आणि हिशेब सांभाळणाऱ्या भागात एवढे दोष का निघतात, हे तपासताना लिहिणाऱ्यांनी आज्ञावलीतील काही उतारेच नमुन्यादाखल दिले. त्यांपैकी एक आपल्यासारख्या वाचकालाही कळेल. एखाद्या संख्येचे चिन्ह उलटावयाचे आहे. धन असेल तर ऋण करायची, ऋण असेल तर धन. त्यासाठी संख्येपुढे उणे चिन्ह लिहिले की काम होते. येथे मात्र आधी संख्या ऋण आहे का ते विचारले होते. असल्यास तिचे चिन्ह पुसून टाकायचे, आणि नसल्यास तिच्यातून तिचीच दुप्पट वजा करायची. उत्तर बरोबर येते. परंतु 'मी जेवलो' असे म्हणण्याऐवजी 'मी न जेवलेला नाही असे नाही असे नाही' म्हणणाऱ्या लेखकाच्या हाती कादंबरी द्यावी का, हा प्रश्न उरतोच. तो भाग नव्याने लिहावा अशी सूचना पुढे आली होती. तो नव्याने लिहिला गेला नाही. डागडुजीवर भागविण्यात आले.

१९९९ च्या उन्हाळ्यात निवडक पोस्टांमध्ये प्रत्यक्ष वापर सुरू असताना स्वीकृतीचा टप्पा आला. करारानुसार जो जो दोष आढळेल त्याची क्रमांक देऊन नोंद व्हावयाची आणि त्याला एक दर्जा द्यावयाचा: उच्च, मध्यम किंवा कनिष्ठ. दर्जा उच्च ठरला तर स्वीकृती अडणार. तीन नोंदींवर मुख्य वाद झाला. क्रमांक २१८ ही काउंटरवरील माणसांना दिलेल्या प्रशिक्षणाविषयी होती. क्रमांक २९८ मध्ये संगणक मध्येच गोठतात आणि पुन्हा सुरू करावे लागतात अशी तक्रार होती. क्रमांक ३७६ हिशेबातील माहितीच्या सचोटीविषयी होती. पाथवेच्या बाजूने येणारे आकडे पोस्ट ऑफिसच्या मध्यवर्ती हिशेबप्रणालीकडे पोचत तेव्हा त्यांचा मेळ बसत नसे. पाहा, ही नोंद स्वीकृतीच्या टप्प्यावरची असली तरी दोष जोडणीचा आहे: दोन प्रणालींच्या मधल्या जागेतला.

पोस्ट ऑफिसचे म्हणणे की हे दोष उच्च दर्जाचे. कंपनीचे म्हणणे की तसे नाही. आठवडे या वादात गेले. त्या काळातील पत्रव्यवहार वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. आकडे का जुळत नाहीत, या प्रश्नापेक्षा न जुळण्याला कोणते विशेषण लावायचे, या प्रश्नाला अधिक शाई खर्ची पडली आहे. मग तडजोड झाली. पूरक करार झाले, चुका किती प्रमाणापर्यंत चालतील याची मर्यादा ठरली, त्या पुढे शोधून काढण्यासाठी मेळ घालणारी आणखी एक व्यवस्था कबूल करण्यात आली. २४ सप्टेंबर १९९९ रोजी स्वीकृती झाली. नव्या वर्षात प्रणाली देशभर बसविण्याचे काम पुन्हा सुरू झाले.

मला या तडजोडीत कटकारस्थान दिसत नाही. व्यवहारी माणसे रोज अशा सह्या करतात. कोणतीही मोठी प्रणाली निर्दोष होईपर्यंत थांबायचे ठरविले तर कोणतीच कधी सुरू होणार नाही, आणि डायक्स्ट्रांचे म्हणणे खरे मानले तर निर्दोष झाली हे कळणारही नाही. अनर्थ सही करण्यात नव्हता. त्या सहीमागची शंका सहीबरोबर पुढे गेली नाही, यात होता. 'इतक्या मर्यादेत चुका होतील' हे ज्यांनी मान्य केले त्यांची संस्था पुढे खेड्यातील काउंटरवर आलेल्या तुटीकडे पाहताना ती मर्यादा पार विसरली. स्वीकृत म्हणजे निर्दोष, असा अर्थ केव्हा तरी रूढ झाला.

क्रमांक ३७६ च्या संदर्भात मी 'सचोटी' हा शब्द जाणूनबुजून वापरला. इंग्रजीत तेथे 'इंटेग्रिटी' हा शब्द होता. मराठी परिभाषेत माहितीच्या बाबतीत आपण त्याला 'अखंडता' म्हणू आणि माणसाच्या बाबतीत 'सचोटी'. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. लॅटिनमधील ज्या 'इंटेजर' शब्दापासून, म्हणजे ज्याला कोणी हात लावलेला नाही, जे अभंग आहे अशा अर्थाच्या शब्दापासून, तो आला, त्यापासूनच 'इंटिग्रेशन' आला आणि एरियानच्या खणात न मावलेला तो पूर्णांकही. होरायझनच्या इतिहासात झाले ते असे की माहितीच्या इंटेग्रिटीविषयीची शंका कागदावर मिटविण्यात आली, आणि लगोलग माणसांच्या इंटेग्रिटीविषयी शंका घेण्यास सुरुवात झाली. मराठीत हे अधिक थोडक्यात सांगता येते. प्रणालीत खोट होती आणि ती माणसात दाखविली गेली.

यात कायद्याचा एक योगायोग मिसळला. इंग्लंड-वेल्समध्ये १९८४ च्या एका कायद्यातील ६९ व्या कलमान्वये संगणकातून निघालेला पुरावा सादर करणाऱ्याला तो संगणक त्या वेळी नीट चालत होता हे दाखवावे लागे. हे जाचक आहे, अशी शिफारस विधी आयोगाने १९९७ मध्ये केली. १९९९ च्या कायद्याने ते कलम रद्द झाले आणि एप्रिल २००० पासून ती तरतूद संपली. त्यानंतर यंत्र नीट चालत होते असे गृहीत धरावयाचे, आणि तसे नव्हते असे वाटणाऱ्याने शंका उपस्थित करावयाची. म्हणजे होरायझनचे संगणक गावोगाव बसविले जात असतानाच संगणकावर विश्वास ठेवणे हा कायद्याचा प्रारंभबिंदू झाला. (आपल्याकडे नेमक्या त्याच वर्षी, माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर, पुरावा कायद्यात '६५-ब' हे कलम आले आणि संगणकीय पुराव्यासोबत प्रमाणपत्राची अट आली, आता ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात आहे. जी अट इंग्लंडने नुकतीच टाकली होती तिच्याच घराण्यातली ही. अर्थात प्रमाणपत्र हीदेखील एक सहीच.)

काउंटरवर काय होत असे, याचे एक चित्र स्कॉटलंडमधील फॉलकर्क येथील कॅलेंडर स्क्वेअर या पोस्टावरून मिळते. एका पोस्टात दोन-तीन काउंटर असले तर एकावर नोंदविलेला व्यवहार आपोआप दुसऱ्यांवर आणि पुढे मध्यवर्ती केंद्रावर उतरावा, अशी होरायझनची रचना होती. कधी कधी ही उतरण्याची क्रिया अडकून बसे. एका काउंटरवरून दुसऱ्याकडे रोख वर्ग केली, ती दुसऱ्यावर दिसेना. म्हणून कारकुनाने पुन्हा नोंद केली, आणि मागाहून दोन्ही नोंदी हिशेबात आल्या. प्रत्यक्ष रोख एकदाच हललेली, कागदावर दोनदा. प्रत्येक काउंटर स्वतंत्रपणे तपासला तर ठीक. दोष दोहोंच्या मध्ये. अनेक वर्षे हा दोष अधूनमधून डोके वर काढीत राहिला आणि २००६ मध्ये दुरुस्त झाला.

दूर बसलेल्या सबपोस्टमास्तराला यातले काहीच दिसत नसे. त्याला दिसे ती शेवटची ओळ: इतके हजार पौंड कमी. मदतीसाठी दूरध्वनी करावा, तर अशी तक्रार करणारे तुम्हीच एकटे, असे अनेकांना ऐकावे लागले. २००५ पासून हिशेबाची पद्धत बदलली आणि वादातील रक्कम स्थानिक अनामत खात्यात ठेवून देण्याची सोयही गेली. तूट स्वतःच्या खिशातून भरा, नाही तर हिशेब जुळला असे नोंदवून उद्या दुकान उघडा. दुसरा मार्ग पत्करला की तो खोटा हिशेब, म्हणजे फौजदारी गुन्हा. आणि इंग्लंड-वेल्समध्ये खटला चालविण्यासाठी पोलिसांकडे जाण्याचीही गरज नव्हती. पोस्ट ऑफिस स्वतःच फिर्यादी आणि स्वतःच तपास करणारे.

यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील ब्रिडलिंग्टनचे ली कासलटन यांच्या खात्यात सुमारे २५ हजार पौंडांची तूट दिसू लागली. मदत केंद्राला त्यांनी एक्याण्णव वेळा दूरध्वनी केला. पोस्ट ऑफिसने वसुलीचा दावा लावला, वकील परवडत नसल्यामुळे ते स्वतः उभे राहिले, आणि जानेवारी २००७ मध्ये हरले. प्रणालीत दोष असल्याचे दाखविणारा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. तो कसा असणार? प्रणालीच्या आतील नोंदी ज्यांच्या ताब्यात होत्या तेच समोरचे पक्षकार होते. तीन लाख एकवीस हजार पौंडांचा खर्च त्यांच्यावर बसला आणि ते दिवाळखोर झाले. सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीट येथील भारतीय वंशाच्या सीमा मिस्रा यांच्यावर सुमारे ७४ हजार पौंडांच्या चोरीचा आरोप होता. कॅलेंडर स्क्वेअरच्या दोषाचा उल्लेख त्यांच्या खटल्यात झाला होता. पण तो दोष दुरुस्त झालेला आहे, आणि दुसऱ्या ठिकाणचा आहे, या मांडणीपुढे तो टिकला नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या.

पुढचा भाग आता बराच परिचित आहे, विशेषतः जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर आलेल्या नाट्यमालिकेमुळे; म्हणून तो थोडक्यात सांगतो. वेल्समधील लँडुडनोचे ॲलन बेट्स यांचा करार २००३ मध्येच संपविण्यात आला होता. त्यांनी २००९ साली इतरांना जमवून संघटना उभी केली. त्याच वर्षी 'कम्प्युटर वीकली' या नियतकालिकाने सात सबपोस्टमास्तरांच्या हकीकती छापल्या. अखेर ५५५ वादींचा दावा उच्च न्यायालयात उभा राहिला आणि १६ डिसेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती फ्रेझर यांनी प्रणालीविषयीचा निकाल दिला. दोष होते, त्यांच्यामुळे खात्यांत तुटी येऊ शकत होत्या आणि आल्या होत्या. शिवाय काउंटरवरील माणसाला न कळता दुरून त्याच्या हिशेबात नोंद घालता येत होती, जी गोष्ट वर्षानुवर्षे नाकारली गेली होती. पोस्ट ऑफिसच्या भूमिकेची तुलना न्यायमूर्तींनी पृथ्वी सपाट आहे असा आग्रह धरण्याशी केली. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने एकोणचाळीस जणांच्या शिक्षा रद्द ठरविल्या, त्यांत मिस्रा होत्या. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरली होती. त्यांपैकी सुमारे सातशे खटले खुद्द पोस्ट ऑफिसने चालविले होते. एकेकाचे अपील ऐकत बसण्याऐवजी मे २०२४ मध्ये संसदेने कायदाच करून या शिक्षा पुसून टाकल्या. सर विन विल्यम्स यांच्या चौकशी समितीच्या अंतिम अहवालाचा पहिला खंड जुलै २०२५ मध्ये आला. या प्रकरणाशी संबंध असण्याची शक्यता असलेल्या किमान तेरा आत्महत्यांची नोंद त्यात आहे.

एक शेवटचा दोष सांगावयाचा राहिला, कारण तो नव्या पिढीच्या प्रणालीतला आहे. २०१० मध्ये 'होरायझन ऑनलाइन' ही सुधारलेली आवृत्ती आली. ऑक्टोबर २०१५ मध्ये स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन येथे एका बाईंनी ८ हजार पौंडांची आलेली रोख नोंदविण्यासाठी कळ दाबली. पडदा तसाच राहिला. कोणीही पुन्हा दाबील तशी त्यांनी ती पुन्हा दाबली. दर वेळी प्रणालीने तीच रोख नव्याने आल्याचे नोंदविले, एकूण चारदा. खात्यावर ३२ हजार, पेटीत ८ हजार, म्हणजे २४ हजारांची तूट. शोध घेतल्यावर कळले की हेच २०१० पासून ८८ पोस्टांत ११२ वेळा घडले होते. उत्तर देण्यास उशीर करणाऱ्या यंत्रासमोर अधीर माणूस काय करतो, ही गोष्ट स्वीकृती-चाचणीच्या यादीत पहिल्या पानावर असावयास हवी होती, असे मला वाटते. ज्यांनी ही यादी केली त्यांनी काउंटरवरच्या माणसाला प्रणालीचा भाग मानले नसावे. तोही एक जोडच होता, आणि तो कोणी तपासला नाही.

संगणकीय पुराव्याच्या गृहीतकाचा फेरविचार करण्यासाठी ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये मते मागविली. त्याआधी, २०२२ च्या ऑक्टोबरपासून, लंडनमध्ये चौकशी समितीपुढे प्रणालीच्या उभारणीविषयीच्या सुनावण्या झाल्या होत्या. त्यांत १९९८ चा तो अहवाल, त्यातला चिन्ह उलटण्याचा उतारा, क्रमांक ३७६ चे कागद, हे सारे पडद्यावर दाखवून ओळीओळीने वाचण्यात आले. ज्यांनी ते लिहिले आणि ज्यांनी त्यावर सह्या केल्या त्यांना अर्थ विचारण्यात आले. त्या कागदांत कासलटन किंवा मिस्रा यांची नावे असण्याचे कारण नव्हते. १९९९ च्या उन्हाळ्यात त्या दोघांपैकी कोणी पोस्टाचे दुकान घेतलेलेही नव्हते.